बर्फाची सावली

इटलीत, अमाल्फीच्या वर, डोंगरात आमचं गाव. माझ्या घरातली माडीवरची खोली मी एका नॉर्वेकर चित्रकाराला राहायला दिली होती, म्हणून बायका मला अजून चिडवतात. हाल्वार त्वाइट त्याचं नाव. असलं नाव कुणाच्या जिभेवर वळणार? गावानं त्याला डॉन अल्वार्दो केलं आणि मोकळं झालं. एका उन्हाळ्यापुरता आला होता. मग दर उन्हाळ्यात ‘पुढच्या वर्षी घरी’ म्हणत राहिला आणि मी ‘बरं’ म्हणत राहिले. विधवा बाईनं याहून जास्त काय म्हणायचं? पण तो जाऊ नये असं मला फार वाटायचं.

समुद्र, लिंबाच्या बागा, आमच्या वाकड्यातिकड्या पायऱ्या तो जलरंगात अशा उतरवायचा की इंग्रज प्रवासी खेचरावर बसून चित्रं घ्यायला वर यायचे.

एका ऑगस्टमध्ये मात्र त्याचं काहीतरी बिनसलं. जेवण अर्धं टाकायचा. आईच्या घरचं हिवाळ्यातलं अंगण काढायला घेतलं होतं आणि कागदामागून कागद फाडत होता. पांढरा रंग संपला का, असं मी विचारलं. तर म्हणाला, या कामात पांढरा रंग लावतच नाहीत. बर्फ म्हणजे कोरा सोडलेला कागद. त्यावर सावली पडली तर तो बर्फ, नाहीतर नुसता कागदच. आणि इथंच घोडं पेंड खात होतं.

“सावलीचा रंग आठवत नाही, रेस्तितुताबाई,” तो म्हणाला. “लहानपणी रोज बघितलाय, आणि आठवत नाही.”

एवढंच ना, मला वाटलं. माझ्या माहेरी बर्फाचाच धंदा. डोंगरावर पडलेला बर्फ हिवाळ्यात खड्ड्यात तुडवून भरायचा, वर झाडाचा पाला दाबायचा आणि उन्हाळ्यात पहाटे डोक्यावरून खाली सरबतवाल्यांना पोचवायचा. कुणाला ताप चढला की आम्ही त्याच्या जिभेवर बर्फ ठेवतो, आणि ताप उतरतो. घरच्या ओढीचंही तसंच असेल, जराशी चव दिली की भागेल, असा माझा हिशेब. म्हणून त्याच रात्री बर्फ आणायला डोंगरावर निघाले. माझा भाऊ आन्येल्लो म्हणाला, “ताई, नवऱ्यासाठी कधी डोंगर चढली नाहीस ती.” मी म्हटलं, “त्यानं कधी मागितलं नाही. तू ओझं उचलू लाग.”

सकाळी मी बर्फ अंगणात ओतला. डॉन अल्वार्दो अनवाणीच खाली आला. त्यानं बर्फात हात घातले, गालाला लावले आणि धावत जाऊन कागद नि रंग घेऊन आला. बर्फ वितळत होता, तो घाईनं रंगवत होता, आणि मी पोतं धरून ऊन अडवत उभी होते. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं, सांगून टाकते.

दुपारी अंगणात चिखल आणि पाला उरला. चित्र मात्र असं की बघणाऱ्याचे हात गार पडावेत. झालं ना आता समाधान, मी विचारलं.

त्यानं चित्रातल्या सावलीकडे बोट केलं. “चांगलं झालंय. पण सावलीत तुमच्या लिंबांचा हिरवा उतरलाय, तुमच्या भिंतीचा पिवळा उतरलाय. हा तुमचा बर्फ आहे, बाई. आमचा माझ्यात उरलाच नाही.” त्याचे डोळे भरून आले. “आई थकलीय. आज अंगण विसरलो, उद्या तिचा चेहरा विसरेन. आता जायलाच हवं.”

करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्याच आठवड्यात त्यानं आगबोट ठरवली. मी सुकी अंजिरं आणि पाव बांधून दिले. अडवलं नाही. मनातून हजारदा अडवलं.

निघताना त्यानं ते चित्र माझ्यापुढे धरलं. तुमच्याकडे राहू द्या, म्हणाला.

“मला काय करायचंय?” मी म्हटलं. “माझ्या डोंगरावर बर्फ दरवर्षी पडतो. तुम्हीच न्या. तिकडे गेल्यावर इथली सावली आठवेनाशी झाली, तर उपयोगी पडेल.”

मला वाटलं, तो हसेल. म्हणेल, कशाला, मी काय कायमचा चाललोय? पण त्यानं ते चित्र दोन्ही हातांनी मागे घेतलं, मऊ कापडात गुंडाळलं आणि जपून पेटीच्या तळाशी ठेवलं.