सुटलेलं नाव

लेकीने माउसचं बटण दाबलं आणि जुन्या प्रोग्रॅममधली माणसं नव्यात उतरू लागली. आधी पणजोबा, मग त्यांची भावंडं, मग आत्या, काका. दुपारच्या पेंगुळलेल्या उजेडात नावं पडद्यावर अलगद तरंगत यायची आणि आपापली रेघ सापडली की स्थिरावायची. वंशावळ तिच्या भावाने हौसेने जमवली होती. त्याचा प्रोग्रॅम आता नव्या कॉम्प्युटरवर चालेना.

सगळी नावं जागेवर बसली. एक नाव मात्र कोपऱ्यात तसंच तरंगत राहिलं.

मावशीचं.

भावाने तिच्यापुढे नुसतं 'घरचीच' असं लिहून ठेवलं होतं. नव्या प्रोग्रॅमला तसलं नातं कळत नव्हतं. आई, वडील, जोडीदार, अपत्य. नाहीतर काढून टाका.

खरं तर ती कुणाचीच मावशी नव्हती. शेजारची शिवणकाम करणारी बाई. आई गेली तेव्हा मुलांचे उसवलेले गणवेश न्यायला म्हणून आली आणि मग येतच राहिली. संध्याकाळ झाली की मात्र न चुकता आपल्या घरी परतायची.

आत्ताही ती खिडकीशी बसून बाबांच्या सदऱ्याला बटण लावत होती.

"मावशी, तुला आमची आई म्हणून लावते गं."

"नको बाई. तिची जागा तिची. काढून टाक मला, मी कुठे कुणाची कोण लागते?"

हसूनच म्हणाली, पण सुई जागीच थांबली.

बाबा उठले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला, शब्दाला महाग माणूस. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि लेकीच्या हातून माउस घेतला. बाण पडद्यावर चाचपडत फिरला, 'जोडीदार'वर येऊन थबकला. मागे वळून बघायचा धीर त्यांना होईना. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

टक्.

कोपऱ्यातलं नाव हळूहळू सरकत आलं. बाबांच्या एका बाजूला आई होती. ते दुसऱ्या बाजूला येऊन टेकलं. लेक आईच्या नावाकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

पडद्यावर एक चौकट उघडली.

"लग्नाची तारीख विचारतोय," ती हलकेच म्हणाली. "रिकामी ठेवू?"

खिडकीशी दाताने दोरा तोडल्याचा आवाज आला.

"रिकामी कशाला?" मावशी म्हणाली. "त्यांना विचार, कधी सवड आहे ते."