रविवारच्या गाण्यांची हजेरीवही

मी एक जुनी हजेरीवही आहे. उभी, जाड आणि लाल कापडी पाठीची, शाळेत किंवा कचेरीत असते अगदी तशीच. पण माझ्या पानांवर आजवर एकाही विद्यार्थ्याची किंवा कारकुनाची हजेरी लागलेली नाही. माझ्यात गाण्यांची हजेरी आहे. हसू आलं ना मित्रांनो? हसा खुशाल. मलाही सुरुवातीला हे सगळं चमत्कारिकच वाटलं होतं.

माझा जन्म नागपुरात, महालातल्या एका बाइंडिंगच्या दुकानात झाला. धोंडबा नावाच्या कारागिराने माझी पानं दाभणाने टोचली, जाड दोऱ्याने शिवली, खळ लावून पुठ्ठे चढवले आणि दोन दिवस मला वजनाखाली दाबून ठेवलं. डावीकडे नावासाठी रुंद रकाना आणि पुढे महिन्याच्या दिवसांचे एकतीस बारीक रकाने, असं माझं रूप. तिथून मी सीताबर्डीवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात आले. माझ्या बहिणी एकेक करून शाळांमध्ये गेल्या. माझ्या काही पानांवरच्या रेघा जरा तिरप्या होत्या, त्यामुळे मला कोणी हात लावेना. गिऱ्हाईक मला उघडायचं, नाक मुरडायचं आणि परत ठेवायचं. मी पुरती खट्टू झाले होते.

एके दिवशी वामनराव दुकानात आले. ते मूळचे पारशिवनीचे. नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी कारकुनी केली, आणि त्यातली बरीचशी वर्षं लोकांची हजेरी मांडण्यात घालवली. निवृत्त होऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. त्यांनी माझी तिरपी पानंसुद्धा पाहिली आणि म्हणाले, "चालते. आमचं मंडळही असंच आहे."

हे मंडळ म्हणजे गाणी ऐकणाऱ्या तीन-चार जणांचं मंडळ. धरमपेठेत सुमतीबाई राहतात. त्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दर रविवारी सकाळी हे लोक जमतात. एकेकाने आपल्या आवडीचा एक अल्बम सुचवायचा, बाकीच्यांनी तो आठवडाभरात ऐकायचा. अल्बमचं नाव माझ्या रुंद रकान्यात लिहायचं. मग प्रत्येकाचा एक बारीक रकाना ठरलेला. ज्याने पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकलं, त्याने तिथे 'ह' लिहायचा, म्हणजे हजर. नाही ऐकलं तर 'गै', म्हणजे गैरहजर. दोन गाणी ऐकून 'ह' लिहायचा नाही, हा वामनरावांचा कडक नियम. ते माझ्याकडे असे बघायचे, जणू साहेब तपासायला येणार आहेत.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणीतरी एकाने ऐकलेल्या गाण्यांतलं एक आपल्या पद्धतीने गाऊन दाखवायचं. त्याला हे लोक कव्हर म्हणतात. मला वाटायचं, माझ्यावर घालतात तसलं खाकी कागदाचं काहीतरी असेल. मग अश्विनने गिटारवर एक जुनी गझल म्हटली. तो इंजिनीअर आहे आणि स्वतःच्या गिटारवर त्याचं फार प्रेम आहे. तेव्हा मला कळलं की दुसऱ्याचं गाणं आपल्या गळ्यात घेतलं की ते थोडं आपलंही होतं. सुमतीबाई तर एकदा पोळ्या लाटताना जसं गुणगुणतात तसंच एक भारदस्त गाणं म्हणाल्या आणि सगळे ऐकत राहिले. काय सांगू, ते माझे सोन्याचे दिवस होते. मी दर आठवड्याला एकेकाच्या घरी मुक्कामाला जायची. चहाचे डाग पडले, एका घरी तर कोपराही कुरतडला गेला, पण माझा थाट मोठा होता.

पुढे सगळ्यांच्या फोनवर मंडळाचा ग्रुप निघाला आणि मी सुमतीबाईंच्या कपाटावर गेले. अडीच वर्षं धूळ खात पडले. खाली ग्रुपवर गाण्यांचा नुसता पाऊस, आणि प्रत्येक गाण्याखाली अंगठा. शेवटी सुमतीबाईच वैतागल्या. "अंगठे दाखवून राहिले सारे, ऐकून कोणी नाही राहिलं," म्हणाल्या, आणि स्टुलावर चढून त्यांनी मला खाली काढलं. पदराने पुसलं. त्या पुसण्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

त्याच सुमारास काजल मंडळात आली. ती कुहीची. नागपुरात एका पतसंस्थेत नोकरी करते, धरमपेठेत एका खोलीत राहते आणि रविवारी मंडळ आटोपलं की बसने गावी जाऊन येते.  अल्बम ऐकावा तर काजलने. मागे कुठे टाळ वाजला, कुठे गाणाऱ्याने श्वास घेतला, सगळं तिच्या लक्षात राहायचं. पण गायची पाळी आली की तिचा घसा बसायचा. दोन वर्षं तो बसलेलाच होता.

खरी गोष्ट मला ती माझ्या मुक्कामाला आल्यावर कळली. म्हणजे मी तिच्या खोलीवर गेले तेव्हा. तिने फोनवर सहा गाणी रेकॉर्ड केली होती. तिच्या गावाकडे धानाच्या रोवण्यात बाया जुनी सिनेमाची गाणी म्हणतात, पण संथ, वाकून रोप लावायचं आणि एक पाऊल मागे सरायचं त्या ठेक्यावर. तशीच ती गाणी काजल आणि तिची आई, गोपिकाबाई, दोघींनी घरच्या पडवीत म्हटली होती. वाद्य म्हणून नुसतं सूप थापटलेलं. मी सगळी ऐकली. चौथ्या गाण्याच्या मधेच गोपिकाबाई गाणं सोडून विचारतात, "काजल, भाताचं आंधण ठेवलं काय वं?" आणि काजल हसत गाणं पुढे नेते. ते तिने तसंच राहू दिलं होतं.

तिने ते सहा गाण्यांचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकलं आणि माझ्या रकान्यात लिहिलं: 'रोवण्याची गाणी. गायिका: गोपिका.' आपलं नाव घातलं नाही. आपलं म्हटलं तर काका-काकू मायेपोटी वाहवा करतील, हे तिला नको होतं. मग माझ्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत तिने पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं: 'या लोकांना आवडलं नाही तर आपलं गाणं आपल्यापाशी. पुन्हा गायचं नाही.'  वहीला काही बोलता येत नाही हो.

तो आठवडा नेमका लग्नांचा होता. पुढच्या रविवारी सगळे घाईघाईने आले. वामनरावांनी 'ह' लिहिला. सुमतीबाईंनी लिहिला. अश्विननेही लिहिला. माझ्या तीन रकान्यांत तीन ठसठशीत 'ह'.

काजलने हळूच विचारलं, "चौथं गाणं कसं वाटलं?"

"वा, आवाज मोठा गोड आहे," वामनराव म्हणाले.

"त्यातली सतार मस्त," अश्विन म्हणाला.

सुमतीबाई म्हणाल्या, "सगळ्यात छान तेच गं."

 सतार कुठली आणि काय कुठलं. चौथ्या गाण्यात काजलचं नावच आहे, आणि ते कोणालाही माहीत नव्हतं. तिने चहा घेतला, कप आत नेऊन विसळला आणि निघून गेली. पुढचे दोन रविवार ती आलीच नाही, शनिवारीच गावी निघून जायची. मला त्या तीन 'ह'ची इतकी लाज वाटली, की ते माझ्या पानावरून खरवडून काढावेत असं वाटलं. तिचं गाणं वाईट म्हणून बंद पडलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. ते कोणी न ऐकताच बंद पडणार होतं.

मी तेव्हा वामनरावांकडे होते. दुपारच्या वेळी ते मला घेऊन बसायचे आणि पान न् पान तपासायचे, जुनी खोड. तपासता तपासता ते मागच्या पुठ्ठ्यापर्यंत पोचले. चष्मा पुसून त्यांनी ती पेन्सिलची ओळ दोनदा वाचली. मग फोनला मोठे हेडफोन लावले, आवाज अगदी वरपर्यंत नेला आणि डोळे मिटून बसले. चौथ्या गाण्याशी ते दचकले. परत मागे नेलं. परत ऐकलं. 

मित्रांनो, वामनरावांच्या कानांनी वर्षभरापूर्वीच दगा द्यायला सुरुवात केली होती. त्यांना गाणं नीट ऐकू येत नव्हतं. पण बारा वर्षांत एकही 'गै' नाही, हा त्यांचा मोठा अभिमान होता. तो मोडू नये म्हणून ते न ऐकताच 'ह' लिहीत होते. हे फक्त त्यांना ठाऊक होतं. आता मला कळलं. त्यांनी लाल पेन काढलं, 'रोवण्याची गाणी'पुढचा आपला 'ह' खोडला, शेजारी 'गै' लिहिलं आणि खाली सही केली. 

रविवारी त्यांनी मला सगळ्यांपुढे उघडं ठेवलं आणि कानांची गोष्टही सांगून टाकली. सुमतीबाईंनी दोन गाणी ऐकली होती, तेवढ्यात पाहुणे आले. अश्विनने एकही ऐकलं नव्हतं. दोघांनी लाल पेन घेऊन आपापले 'ह' खोडले. मग तिघांनी मोठ्या स्पीकरवर सहाही गाणी ऐकली. "ठेवलं काय वं" आलं, तशी सुमतीबाईंनी तोंडाला पदर लावला. कोणी फोन केला नाही. अश्विनच्या गाडीत बसून ते सरळ कुहीला निघाले, आणि मी वामनरावांच्या मांडीवर.

काजल पडवीतच होती. गोपिकाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी विचारलं, "काहून आले वं हे सारे?"

वामनरावांनी मला काजलपुढे धरलं. "म्या खोटा 'ह' मांडला, बाई. मले ऐकू येत नाही आता पहिल्यासारखं. सांगाची लाज वाटली."

काजल त्या लाल अक्षरांकडे बघत राहिली. "आता कौतुक करायला आलात का, काका?"

"नाही. ऐकाले आलो."

"मी सोडलं गाणं," ती म्हणाली.

 गोपिकाबाई तांदूळ पाखडतच होत्या आणि पाखडता पाखडता त्यांनी आपल्याच नादात चौथं गाणं सुरू केलं. दुसरी ओळ त्या चुकल्या. काजलने सवयीने ती सुधारली, आणि मग तिला थांबता आलं नाही. दोघी गाऊ लागल्या. सुमतीबाई भिंतीला टेकून बसल्या. अश्विनने हात मांडीवर ठेवले होते, तालसुद्धा धरला नाही. आणि गाणं रंगात आलेलं असताना वामनरावांनी हात वर केला.

"थांब वं, काजल. हे कडवं मले नाही ऐकू आलं. पुन्हा म्हण."

मला वाटलं, झालं, आता बिनसणार. पण काजल उठली. आपला पाट तिने वामनरावांच्या डाव्या कानाशी नेऊन ठेवला आणि तेच कडवं पुन्हा म्हटलं. त्यांनी मान हलवली, "शेवटची ओळ गेली." तिने तिसऱ्यांदा म्हटलं, अगदी मोकळ्या आवाजात, आणि म्हणता म्हणता तिला रडू आलं.

आता माझी मोजकीच पानं उरली आहेत. पाठ सैल झाली आहे, दोरे दिसतात. तरी मी फार सुखी आहे. धोंडबांची, सुमतीबाईंच्या पदराची आणि त्या लाल पेनाची मी आभारी आहे. माझ्यात हल्ली बरेच 'गै' असतात आणि वामनराव ते उजळ माथ्याने लिहितात. मित्रांनो, कोणी आपलं आवडतं गाणं तुमच्या हाती दिलं, तर ते शेवटपर्यंत ऐका. नाही जमलं तर नाही जमलं म्हणा, त्याने कोणी दुखावत नाही. आणि एखादी ओळ निसटली, तर गाणाऱ्याच्या जवळ सरकून बसा आणि ती पुन्हा म्हणायला सांगा.