हेस्तवारची मुदत

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या विमानतळामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, गुनवोर एकटीच बसायची. वैमानिकांचे परवाने, वैद्यकीय दाखले, सिम्युलेटरच्या परीक्षा, आग विझवण्याचे वर्ग, या सगळ्यांच्या मुदती सांभाळणं हे तिचं काम. संगणकावर प्रत्येक नावापुढे चौकोनांची रांग असे. मुदत शिल्लक असली की चौकोन हिरवा, संपत आली की पिवळा, संपली की लाल. लाल झालेल्याला विमान चालवता येत नसे. पिवळा दिसला की गुनवोर फोन करायची, आणि लोक "आली बाई वसुलीला" म्हणत तो उचलायचे. काम झालं की ठेवून द्यायचे. एरवी तिला फोन करायचं कुणालाच कारण नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीपायी ती दक्षिणेतून इथं आली होती. नवरा पुढे परत गेला, ती राहिली.

नोव्हेंबरात कप्तान आयविन मीर्वांगच्या रांगेत एक चौकोन पिवळा झाला. हेस्तवार बेटावरची धावपट्टी आखूड, तीन बाजूंनी डोंगर. तिथं उतरायला वेगळी परवानगी लागे, आणि वर्षातून एकदा तरी उतरलं नाही तर ती बाद होई. गुनवोरनं त्याच्या मागच्या ड्युट्या उघडून पाहिल्या. हेस्तवारची फेरी त्याला बऱ्याचदा लागली होती, आणि दर वेळी त्यानं ती कुणाशी तरी बदलून घेतली होती.

"हेस्तवार ना?" फोनवर आयविन म्हणाला. "होऊ दे बाद."

"आणि हिवाळ्यात तिकडं कोण जाणार? हेल्गे गुडघा धरून घरी बसलाय. त्या नव्या पोरीला नुसते डोंगर दिसले तरी घाम फुटतो."

तो हसला. मग म्हणाला, "माझं गाव आहे ते."

"मग तर डोळे मिटून उतरशील!"

"माझा भाऊ तिथल्या विमानतळावर आहे, स्टायनार. आगीची गाडी तोच चालवतो, सामान तोच उतरवतो. आई गेल्यापासून आम्ही बोलत नाही. तिचं सगळं शेवटचं त्यानं केलं. मी मातीला पोचलो दुपारच्या विमानानं आणि संध्याकाळच्या विमानानं ड्युटीवर परत. तो म्हणाला, आता पुन्हा येऊ नकोस."

गुनवोर फोन कानाशी घट्ट धरून बसली. इतकं कुणी तिच्याशी कित्येक वर्षांत बोललं नव्हतं. त्यानं बोलत राहावं असं तिला वाटत होतं. पण त्यानंच विचारलं, "बरं, मग आता काय करायचं?" आणि ती कामाच्या गोष्टीवर आली.

"गुरुवारची फेरी तुझ्या नावावर टाकते. बदलून घेऊ नकोस. जा, उतर, परत ये."

गुरुवारी बर्फाची सर येऊन गेली. विमान हेस्तवारला उतरलं, निघालं, परत आलं. संध्याकाळी आयविनचा फोन आला. चौकोन हिरवा झाल्यावर कुणी तिला फोन केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"भेटला?" तिनं विचारलं.

"नाही. आजारी म्हणून रजा टाकली होती. कोण येतंय ते कळलं असणार त्याला. उतरताना आमच्या घरावरूनच जावं लागतं. स्वयंपाकघरात दिवा होता. धुराड्यातून धूर निघत होता. घरीच होता तो, गुनवोर."

काहीतरी बरं बोलावं म्हणून ती शब्द शोधत राहिली, आणि तोंडातून निघालं ते, "तुझा चौकोन हिरवा झाला." तिनं जीभ चावली.

"चला, वर्षभर चिंता नाही," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

जानेवारीत त्यानं ओस्लोला बदली मागून घेतली. कागदपत्रं गुनवोरनंच पुरी केली आणि त्याचं नाव तिच्या यादीतून गेलं.

मार्चमध्ये एक दिवस ती टेबलाशीच पावाला चीज लावून खात होती, तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"मी हेस्तवारहून बोलतोय, स्टायनार मीर्वांग. आमच्या फेरीवर आयविन येणार आहे का?"

तिनं पाव खाली ठेवला. "माफ करा, आमच्या लोकांची माहिती बाहेर देता येत नाही मला."

"नाही, तेही बरोबर आहे." पण फोन ठेवला गेला नाही. पलीकडे वारा ऐकू येत होता. "तब्येत तरी बरी आहे ना त्याची? वडील हृदयानंच गेले आमचे. आता तो त्याच वयात आलाय."

गुनवोरनं ओस्लोची यादी उघडली. वैद्यकीय दाखला हिरवा होता. पण हे सांगण्याची तर मुळीच परवानगी नव्हती.

"तो विमान चालवतोय," ती म्हणाली. "आणि तब्येत बरी नसेल तर आमच्याकडं कुणाला चालवू देत नाहीत."

"चालवतोय. बरं. मग ठीक आहे."

फोन बंद झाल्याझाल्या तिनं आयविनला लावला.

"आता काय संपलं माझं?" तो म्हणाला. "इथली बाई तर कालच सगळं ठीक म्हणाली."

"काही संपलं नाही." तिनं झालं ते सांगितलं. त्याच्यामागं विमानतळाचा गलका चालू होता.

"माझा नंबर आहे त्याच्याकडं," आयविन म्हणाला. "मी तो कधी बदललेला नाही."

"त्याला माझा सोपा वाटला असेल."

"कसा होता आवाज?"

"वाऱ्यात उभा होता. दमल्यासारखा वाटला."

"करीन मी त्याला फोन."

"काय झालं ते मला कळव हं," ती म्हणाली, सहज म्हटल्यासारखं. तो हो म्हणाला. मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला.

एप्रिल गेला, मे आला, दिवस मावळेनासा झाला. त्याचा फोन आला नाही. भावाला केला असेल, नसेलही. एकदा गुनवोरनं आयविनचा नंबर लावला आणि पहिली घंटा जायच्या आत बंद केला. मग कप धुऊन उपडा घातला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, त्यामुळं दिवे मालवायचा प्रश्नच नव्हता. तिनं दार ओढून घेतलं आणि बस गाठायला जिना उतरू लागली.