एकशे तीसची तार

राजनंदिनी पाठीवर बास गिटार अडकवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुमच्याकडं शाळेतला ताणकाटा हाय का?"

मला वाटलं होतं, ती पेटी मागेल. परतूरच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर संध्याकाळी ओसरीवर मुलांना पेटी शिकवतो. ताणकाटा म्हणजे हुकाला वस्तू अडकवली की स्प्रिंग ताणून वजन दाखवणारी नळी. माझ्या जुन्या पेटाऱ्यात एक होता. एक किलोपर्यंतचा, काटा अजून नीट शून्यावर यायचा.

"काय मोजणार?" तो काढून तिच्या हातात देत मी विचारलं.

"तार, सर. सैल किती झाली ते."

ती गिटार तिच्या देवानंद मामाची. मामा लग्नांत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात होता. ऑर्केस्ट्रा मोडला, मामानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि गिटार भाचीकडे आली. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, खालच्या घुमणाऱ्या सुरांची. पोरगी अकरावीत, पण दोन वर्षांत ती असं वाजवायला लागली की माझ्या ओसरीचा पत्रा तिच्याबरोबर घुमायचा.

तिनं गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्यांत जाड तार छेडली. सूर येण्याऐवजी तार फडफडली. खालच्या पितळी पट्ट्यांवर आपटून खडखड आवाज आला.

"पेटीच्या काळ्या धरून चार पट्ट्या खाली उतरवली," ती म्हणाली. "पांढरी तीनवरून पांढरी एकला. सूर बराबर येतो, पण तारेत जीवच राहत न्हाई."

"मग कशाला उतरवलीस?"

तिनं जरा वेळ ताणकाट्याशी चाळा केला. "आईसाठी."

तिची आई नंदाबाई आमच्या गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीत बावीस वर्षांपासून सेविका आहे. दर सव्वीस जानेवारीला अंगणवाडीच्या पोरांचा नाच असतो आणि नंदाबाई गाते. गाणं तिनंच रचलेलं, म्हशीचं. म्हैस तळ्याकडे निघते, वाटेत तिला चिमणी भेटते, पाटलाचं कुत्रं भेटतं, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘उतरली गं उतरली, म्हैस पाण्यात उतरली’. त्या ओळीवर गाणं ‘सा’च्याही खाली एक पायरी उतरतं आणि पोरं टुणकन खाली बसतात. आज कॉलेजात असलेली मुलंसुद्धा ते गाणं ऐकून गुडघे वाकवतात.

गेल्या वर्षी नंदाबाईच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. तब्येत सुधारली, आवाज मात्र खाली बसला. दिवाळीनंतर ती सरावाला माझ्याकडे आली. मी नेहमीसारखा उंच, काळी चारला ‘सा’ धरला. दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज फाटला. मुलं हसली. मी त्यांना दटावलं आणि नंदाबाईला म्हणालो, "विश्रांती घ्या. येईल परत वर."

ती त्यानंतर आली नाही. या वर्षी तिनं मदतनीस बाईला सांगून टाकलं होतं, "मोबाईलवर लावा कोणतंतरी गाणं. पोरं काय, त्याच्यावर बी नाचतेत."

"पण ती घरी गाती, सर," राजनंदिनी म्हणाली. "भाकरी थापताना. तिला वाटतं, मी ऐकत न्हाई. मी फोनमधलं सूर दाखवणारं ॲप लावून तीन दिवस बघितलं. तीनही दिवस तिचा ‘सा’ पांढरी दोन. एकदाही इकडं-तिकडं न्हाई. अन् म्हैस पाण्यात उतरली की पांढरी एक. असा आवाज लागतो, सर, तिथं! जणू मोठ्या रांजणात बोलून राह्यली."

आता माझ्या लक्षात आलं. त्या एका पायरीसाठी हिला आपल्या वाद्याचा तळ खाली न्यायचा होता. मी शहाणपणा केला. "अगं, पांढरी एक तुझ्या दुसऱ्या तारेवरही आहे. वरच्या सप्तकात वाजव की."

"वाजवून बघितलं. मंग माझी तार अन् आईचा आवाज एकाच जागी गर्दी करतेत. मला तिच्या खाली राहायचंय."

 मी पेटाऱ्यातून मोजपट्टीही काढून दिली.

तिनं तार आधी मूळ सुराला चढवली. मधोमध ताणकाट्याचा हुक अडकवला आणि तार एक सेंटिमीटर बाजूला सरेपर्यंत ओढली. आठशे ग्रॅम. मग तार पांढरी एकला उतरवून तेवढीच ओढली. पाचशे. दोन्ही आकडे तिनं तळहातावर लिहिले. एकदाच नाही, पाच-पाच वेळा मोजलं. चौथ्यांदा चारशे ऐंशी आलं, तेही लिहिलं. ते खोडायची इच्छा न होणं मी फार थोड्या मुलांत पाहिलं आहे.

"आता सांग," मी म्हणालो, "तारेचा सूर कशाकशावर असतो?"

"लांबी, ताण अन् तारेचं वजन. तुम्हीच आठवीत शिकवलं."

"लांबी बदलता येते?"

"न्हाई. गिटार तेवढीच."

"ताण?"

"तो आठशेच पायजे. मंग वजन. तार जाड पायजे. पण किती जाड?"

मी सांगितलं नाही. मी चहा ठेवायला आत गेलो आणि मुद्दाम दोनदा उकळला. बाहेर आलो तेव्हा ती वहीवर वाकली होती.

"सर, सूर जितका खाली, तितकी तार जाड, असंच ना? ताण तोच ठेवला तर?"

"आकड्यांनी बोल."

"मूळ सुराला सेकंदाला एकेचाळीस कंपनं. पांढरी एकला तेहतीस. ही तार एकशे पाच नंबरची, जाडीचा नंबर पाकिटावर लिहिलेला असतो. एकशे पाच गुणिले एकेचाळीस भागिले तेहतीस." तिनं भागाकार वहीवरच केला, फोन हातात घेतला नाही. "एकशे तीस!"

बाकीच्या तीन तारांचंही तिनं तसंच काढलं. मी तपासायला चष्मा लावला. चूक नव्हती.

शनिवारी आम्ही दोघं जालन्याला गेलो. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांमागच्या बोळात साहेबरावांचं वाद्यांचं दुकान आहे. तबले, ढोलक्या, पेट्या. माणूस नेहमी कशावर तरी वाकलेला.

"बासच्या जाड तारा?" साहेबराव म्हणाले. "किती जाड? ट्रॅक्टरची क्लच वायर देऊ का?"

"एकशे तीस नंबरची असंल तर द्या," राजनंदिनी म्हणाली.

साहेबराव हसायचे थांबले. त्यांनी वरच्या फळीवरून दोन पाकिटं काढली, धूळ झटकली. "हा घ्या जाडा सेट. सगळ्यांत भारी. पोरं हाच नेतेत."

तिनं पाकीट उलटं करून वाचलं. "जाडी तार एकशे दहा. ही एखादी-दुसरी पट्टी उतरवायला ठीक. मला चार उतरवायच्यात." मग दुसरं पाकीट वाचलं. "हा द्या."

"अगं बाई, तो पाच तारांच्या गिटारचा. तुझी चार तारांची."

"मला बारीक तार नकोच. जाड्या चार घेते. एकशे तीस, एकशे पाच, पंच्याऐंशी, पासष्ट. माझ्या हिशोबाला चारही जवळपास बसतेत."

साहेबराव माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, कोणाची पोरगी म्हणायची ही?"

"हिच्या आईची," मी म्हणालो.

नवी तार चढवताना मात्र अडलं. मानेच्या टोकाला जिथून तार खुंटीकडे वळते, तिथल्या खाचेत ती जाड तार शिरेना. वरच टेकून राहिली. साहेबरावांनी बारीक कानस काढली, पण हात थांबवला. "खाच रुंद करावी लागंल. एकदा कापली की जुनी बारीक तार हिच्यात खुळखुळ वाजंल. तुला ऑर्केस्ट्रात वाजवायचं असंल, तर इचार कर."

तिला कॉलेजच्या ग्रुपनं फेब्रुवारीच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं, हे मला ठाऊक होतं. 

"कापा," ती म्हणाली. "पण जल्दी करू नका. थोडं कापा, तार बसवून बघा, मंग परत."

चाळीस वर्षं वाद्यं दुरुस्त करणाऱ्या माणसाला तिनं हे सांगितलं आणि त्यांनीही तसंच केलं. सहा वेळा. चारही तारा चढल्यावर तिनं दप्तरातून ताणकाटा काढला. जाड तारेला आठशे वीस. साहेबराव काऊंटरच्या बाहेर येऊन काटा बघायला वाकले. मग तिनं तार छेडली. फडफड नाही, खडखड नाही. दुकानातल्या ढोलक्यांची कातडी आपोआप हलकेच गुणगुणली.

परतीच्या गाडीत मी तिची पाठ थोपटत होतो आणि ती खिडकीबाहेर बघत होती. परतूर जवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, पेटीवर पांढरी दोनला ‘सा’ धरला, तर तुम्हाला जमंल ना?"

मी लगेच ‘हो’ म्हणालो. घरी येऊन पेटी उघडली, तर जमेना. माझी बोटं लहानपणापासून काळी चारला बसलेली. आमच्याकडच्या बऱ्याच पेटीवाल्यांचं असंच आहे. पट्टी आपली ठरलेली, गाणाऱ्यानं तिथं यायचं. एवढ्या वर्षांत कितीतरी मुलांना मी ‘तुझा आवाज चढत नाही’ असं सांगितलं. नंदाबाईलाही तेच सांगितलं होतं, फक्त गोड शब्दांत. तिचा जो सूर तीनही दिवस हलला नव्हता, तिथं माझीच बोटं पोचत नव्हती. हे राजनंदिनी एका शब्दानं बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, जमेल का.

पंधरा दिवस मी नवख्यासारखा बसलो. अंगणवाडीतली पाच वर्षांची अंजू माझ्या शेजारी बसून सांगायची, "सर, चुकलं. परत."

तेवीस तारखेच्या संध्याकाळी पोरं नाचाच्या सरावाला ओसरीवर जमली. लेकीला न्यायला नंदाबाई आली, हातात अंगणवाडीची किल्ली. राजनंदिनीनं आईकडे पाहिलं नाही. तिनं सुरुवात केली, मी पेटी धरली. पोरं आपोआप रांगेत उभी राहिली. कडवं पुढं सरकत होतं, पण गाणारं कुणीच नव्हतं. ‘उतरली’ची जागा आली आणि ती एकशे तीसची तार वाजली. पायाखालची फरशी घुमली.

"अगं बया," नंदाबाई म्हणाली. "इतकं खाली कोण गाणार हाय?"

"तूच गाती ना, भाकरी थापताना."

"चोरून ऐकती का गं माझं?" ती रागावली, मग माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही सांगा हिला. माझा आवाज पुरुषावाणी झालाय. पोरं हसतेत."

"हसली ती माझ्या पट्टीला," मी म्हणालो. "मी तुम्हाला चुकीच्या जागी उभं केलं होतं, नंदाबाई. एकदा इथं बघा."

ती बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून, किल्ली मुठीत धरून तिनं पहिली ओळ म्हटली. माझं एक बोट सवयीनं काळी चारकडे निघालं, अंजूनं ते पकडून परत जागेवर ठेवलं. चिमणी भेटली, कुत्रं भेटलं. नंदाबाईचा आवाज सावकाश, भरलेला, कुठंही न ताणता येत होता. शेवटच्या ओळीला ती खाली उतरली आणि तिच्याही खाली, तिला न ढकलता, लेकीची तार होती.

पोरं टुणकन बसली नाहीत. हळूहळू, गुडघे वाकवत, खाली गेली, आणि खालीच थांबली.

"बाई," अंजू फरशीवरून म्हणाली, "आज म्हैस लई खोल पाण्यात गेली!"

नंदाबाई हसली. पदरानं डोळे पुसून तिनं लेकीकडे बघितलं. "दुसरं कडवं जरा दमानं घे. कुत्र्यापाशी तू पळून राह्यली." मग मला विचारलं, "सर, सव्वीसला झेंड्यानंतर किती वाजता ठेवायचं?"