तोंडातले खिळे

मी गरीब गाय आहे, असा आमच्या थोरल्या दिरांचा कित्येक वर्षं समज होता. तो माझ्या तोंडातल्या खिळ्यांनी करून दिला होता.

आमचं सोफे दुरुस्तीचं दुकान. दीर पुढे काउंटरवर बसतात, मी मागच्या खोलीत कापड ताणून ठोकते. सासऱ्यांनीच शिकवलं. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठांशी आणायचा, चुंबकाच्या हातोडीनं टिपायचा आणि ठोकायचा. दुसरा हात कापड सोडत नाही. अडचण एकच, बोलता येत नाही. दीर नेमके तेव्हाच मागे यायचे.

"ही ऑर्डर आधी घे. तुझ्या सुट्टीचं पुढच्या महिन्यात बघू. चालेल ना?"

मी दात आवळून नुसती बघायची. "झालं तर मग," म्हणून ते निघून जायचे.

आवळून आवळून एका सकाळी कानापुढे कट्ट वाजलं आणि दातखीळ बसली ती बसलीच. जेमतेम दोन बोटं शिरतील एवढंच तोंड. जांभई आली तरी डोळ्यांत पाणी.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माप घेऊन वरच्या दातांवर बसेल अशी कडक, पारदर्शक पट्टी करून दिली. तिला स्प्लिंट म्हणतात. "झोपताना घालायची. झोपेत तुम्ही दात आवळता, तो भार ही घेईल आणि सांध्याला विसावा मिळेल. सोबत जबड्याचे व्यायाम करा, अगदी हळूहळू."

मी जास्तीची शहाणी. रात्री गुण येतो तर दिवसा दुप्पट येईल, म्हणून पट्टी घालूनच कामाला बसले. तोंडात खिळे होतेच. पुढच्या खेपेला बाईंनी पट्टी उजेडात धरली. जागोजागी टोचे.

"हे काय? तोंडात उंदीर पाळलाय?"

मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "पट्टी नवी करून देईन. जबडा नवा मिळत नाही. खिळे बंद."

खिळे बंद म्हणजे वेग गेला. डबीकडे हात नेला की ताणलेलं कापड सुटायचं. दिरांना तेवढंच निमित्त पुरलं. त्यांच्या मेव्हण्याकडे स्टेपल मारायची बंदूक होती आणि उद्योग नव्हता. "तिला आता घरीच आराम करू दे," असं ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. नवरा येऊन मला म्हणाला, "जाऊ दे गं. आपलेच दात, आपलेच ओठ."

"माझ्या दातांचं नाव काढू नकोस," मी म्हटलं.

मी भयंकर चिडले होते, आणि चिडले की माझं डोकं बरं चालतं. चामड्याच्या तुकड्यावर जाड फोम चिकटवला, पट्टा लावून मनगटाला बांधला आणि त्यात खिळे टोचले, डोकी वर. हातोडी टेकवली की खिळा उचलून येतो. सुरुवातीला बोटं ठेचली, मग हात बसला. झोपताना पट्टी, सकाळी व्यायाम. मधूनमधून बाई पट्टी घासून नीट बसवून द्यायच्या. हळूहळू तोंडात तिसरं बोट जाऊ लागलं.

त्याच सुमारास दीर मागे आले. सोबत मेव्हणा, बंदूक घेऊन.

"उद्यापासून इथे हा बसेल. तू घर सांभाळ. चालेल ना?" सवयीनं ते वळलेसुद्धा.

"नाही चालणार."

आवाज कुणाचा, म्हणून त्यांनी आधी मेव्हण्याकडे पाहिलं.

"ही जागा आणि ही हातोडी सासऱ्यांनी माझ्या हातात दिलीय, भाऊजी. मी उठणार नाही. तुमच्या मेव्हण्यांना पुढे काउंटरवर बसवा हवं तर."

"अगं, पण इतक्या वर्षांत तू कधी ब्र काढला नाहीस!"

"तोंडात खिळे होते."

मी आ केला, पार आतपर्यंत दिसेल एवढा. कानापुढे काही वाजलं नाही.

"आता नाहीत. बसा, सुट्टीपासून सुरुवात करू."