एकवीस मिनिटांची घटका

धुळ्याच्या प्रदर्शनात काचेचं एकच कपाट रिकामं राहिलं होतं. त्यात ठेवायची वस्तू शोधत विज्ञानाच्या इतिहासाचे प्राध्यापक अभयकुमार पांझरेकाठच्या खेड्यात झुंबरबाईंच्या ओसरीवर आले. या घरी घटिकापात्र होतं. म्हणजे बुडाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की थेंबाथेंबाने भरायची, बुडाली की एक घटका. झुंबरबाईंचे सासरे तिच्यावर गावाची लग्नं लावत. रविवारी पाहुण्यांसमोर ती बुडवून दाखवायची, असं आमंत्रणपत्रिकेत छापूनही झालं होतं.

वाटी बाहेर आली ती तुपाने भरलेली.

"तूप गळी जाये, भाऊ," सून प्रमिलाबाई म्हणाली, "म्हणीसन कल्हईवालानी भोक बुजाडी दिधं."

अभयकुमारांनी कपाळाला हात लावला. मग तोताराम तांबटाला बोलावलं. त्याने बूड तापवून कथील उतरवलं, तसं भोक मोकळं झालं. घंगाळात पाणी, पाण्यावर वाटी, हातात घड्याळ. घटका चोवीस मिनिटांची. पण वाटी एकविसाव्यालाच गुडुप!

"कल्हईवाल्याने भोक मोठं केलं की काय?" अभयकुमार हिरमुसले.

"जरा कथील लावतो, बरोब्बर चोवीस करून देतो," तोताराम म्हणाला. "कोणाला कळणार?"

"मला कळेल. मग ते माझ्या घड्याळाचं पिल्लू होईल, गावाची घटका नाही."

झुंबरबाई इतका वेळ गालात हसत होत्या. "घड्याळ ठेव बाजूले, भाऊ. वाटी सोड."

वाटी सोडली की बायकांनी धरायचं लग्नाचं एक गाणं होतं. ते सरलं की वाटी बुडायची आणि अंतरपाट दूर व्हायचा. झुंबरबाईंनी सूर लावला :

*तांबानी वाटी पानीवर डोलस,*
*नवरीनं मन थेंबथेंब बोलस...*

मामाची कडवी झाली, मावशीची झाली, आत्याची झाली. प्रमिलाबाई हातातलं सूप ठेवून साथीला बसली. शेवटचा शब्द ओठांवर विरतो न विरतो तोच वाटी पाण्याखाली गेली. पुन्हा सोडली, पुन्हा गायल्या, पुन्हा तसंच. घड्याळात दोन्ही वेळा एकवीस.

"अक्का!" अभयकुमार उभेच राहिले. "गाणं आणि वाटी अजून जुळतात, म्हणजे भोक जुनंच आहे! तुमच्या गावाची घटकाच एकवीस मिनिटांची! सूर्योदयापासून दहा घटका मोजल्या, तर मुहूर्त अर्धा तास आधीच!"

"म्हंजे याच वाटीवरनं मन्हं लगीन येळना आधी लागनं?"

"हो."

"तरीच!" झुंबरबाईंनी आतल्या खोलीकडे मान उडवली. "पन्नास वरीस व्हयनात, धनी आजबी मन्हा आधी जेवाले बसस."

आतून खोकल्याचा आवाज आला. ओसरी हसून लोळली.

अभयकुमारांनी खिशातलं माहितीचं कार्ड काढलं, 'चोवीस' खोडून 'एकवीस' लिहिलं. मग थांबले.

"अक्का, गाण्याशिवाय ही वाटी मुकी आहे. रविवारी गाडी पाठवतो. आणि तुमचं पूर्ण नाव सांगा, कार्डावर हवं."

"मन्हं नाव? काचना कपाटमा?" झुंबरबाईंनी पदर सावरला, अंग चोरून बसल्या, आणि मग सुनेकडे बघत सावकाश, एकेक अक्षर ऐकू जाईल असं, माहेरच्या नावापासून सांगायला लागल्या.