तांदळातला पासपोर्ट

मंगळवारी माझ्या भावाची, हितेशची, हळद होती. आणि रविवारी सकाळी साडेदहाला मी बुडापेस्टच्या एका स्वस्त होस्टेलमध्ये, स्वयंपाकघरातल्या एका फळीसमोर उभी राहून रडत होते. पासपोर्ट गेला होता. व्हिसा त्यातच. एक वाजता व्हिएन्नाची बस, रात्री तिथून मुंबईचं विमान.

आमच्या मोरिवली गावात लग्नाला कोणी चुकून नाही आलं तर चालतं, पण हळदीला नाही आलं तर ते दहा वर्षं ऐकवलं जातं. मी तर नवऱ्यामुलाची सख्खी बहीण, एकुलती एक करवली. कंपनीने नव्या मशीनचं ट्रेनिंग घ्यायला मला ऑस्ट्रियाला पाठवलं तेव्हाच आईचं तोंड वाकडं झालं होतं. शेवटच्या सुट्टीत मी पाठीवर सॅक टाकून एका रात्रीसाठी बुडापेस्ट बघायला जाणार, हे ऐकल्यावर तर ती फोनवर एवढंच म्हणाली, "हळद तोंडावर आली नि तुला फिरायचा सुचतंय? जा बाय, जा." तिचं "जा" म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. तरी मी गेले. माझा स्वभावच तसा, नको म्हटलं की पाय आधी उचलला जातो.

होस्टेलमध्ये एका खोलीत बारा माणसं. प्रत्येकाला लॉकर, पण कुलूप आपलं आपण आणायचं, आणि मी आणलं नव्हतं. रविवारी सकाळी मला तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला जायचं होतं. पोहायच्या कपड्यांत पासपोर्ट कुठे ठेवणार? खोलीत ठेवावा तर अकरा अनोळखी माणसं.

मग मी तेच केलं, जे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आईच्या पाटल्या, जमिनीचा सातबारा, बाबांची विम्याची पॉलिसी, सगळं तांदळाच्या पिंपात खोल खुपसलेलं असतं. चोर कपाट फोडतो, तांदूळ उपसत बसत नाही, असं आजी सांगायची. मी नोकरीला लागल्यापासून आईच्या मागे लागले होते, "अगं, बँकेत लॉकर असतो, किती अडाणीपणा!" आणि आता अडाणीपणाची पाळी माझी. ऑस्ट्रियाला निघताना आईने बांधून दिलेला तांदूळ पिशवीत किलोभर उरला होता, तो सॅकमध्येच होता. पासपोर्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यात तळाशी दाबला. स्वयंपाकघरात एका फळीवर लोकांची अर्धी अर्धी पाकिटं होती, पास्ता, मीठ, चहा. तिथेच पिशवी ठेवली आणि निश्चिंत मनाने गेले.

कुंड म्हणजे आपल्या वज्रेश्वरीसारखंच, फक्त वर राजवाडा. दोन तास मी गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसले होते. पंधरा दिवसांचा शीण गेला. परत आले तर फळीवर पास्ता होता, मीठ होतं, तांदूळ नव्हता.

रिसेप्शनवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "त्या फळीवरचं फुकट असतं. जाणारे लोक उरलेलं ठेवून जातात, ज्याला हवं तो घेतो."

म्हणजे मी स्वतःच्या हाताने पासपोर्ट दान करून बसले होते! मला स्वतःचा इतका राग आला की तिच्यावरच ओरडले, "मग तसं आधी सांगायचं ना!" माझं रडू बघून तिने खोल्याखोल्यांत जाऊन विचारलं. शेवटी एका मुलाने सांगितलं, सायकलवर फिरणारे रोमानियाचे आजोबा, पेत्रू, तांदूळ घेऊन गेले. ते रोज हिरव्या पुलाजवळ नदीकाठी स्टोव्ह लावून जेवतात.

मी धावले. ओल्या केसांनी, स्लिपर घालून. वाटेत हितेशचा फोन आला, मी कापला. त्याला काय सांगणार? डोळ्यांसमोर आमचा मांडव दिसत होता, आणि माझ्या जागी काकाची मुलगी भाविका कलश घेऊन उभी. इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पुलाखालच्या पायऱ्यांवर एक सायकल आडवी पडली होती. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे, छोट्या स्टोव्हवर पातेलं, आणि त्यांच्या मांडीवर माझी पिशवी. मी काही न बोलता पिशवी ओढली आणि मनगटापर्यंत हात आत घातला. तळाशी प्लॅस्टिक लागलं. बाहेर काढलं. पासपोर्ट! आत व्हिसा, शिक्के, माझा तो भुतासारखा फोटो, सगळं जागच्या जागी. मी तिथेच मटकन बसले आणि हसत सुटले. आजोबा आधी घाबरले. मग पासपोर्ट बघून कपाळाला हात लावून तेही हसले. त्यांनी फक्त दोन मुठी काढल्या होत्या. त्यांचा भात चिकट गोळा झाला होता आणि ते मीठ घालायला विसरले होते. तोच आम्ही दोघांनी एका पातेल्यातून खाल्ला. मला तो फार आवडला. उरलेला तांदूळ त्यांनाच दिला.

बसमध्ये बसल्यावर घरी फोन लावला. पलीकडे मांडववाल्यांची ठोकाठोक चालू होती. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण आईचा आवाज ऐकला आणि सगळं सांगून टाकलं, फळीपासून पुलापर्यंत.

मला वाटलं आता आई सुरू होणार, सांगत होते ना, जाऊ नको म्हणून.

"तांदळात ठेवलास?" तिने विचारलं.

"हो."

"मना वाटला, तू आमचा काय ऐकतच नाय." मग नाक पुसल्याचा आवाज आला आणि ती नेहमीच्या सुरात म्हणाली, "पण बाय, तांदूळ आपल्या घरातला पायजे. दुसऱ्याच्या घरात नाय ठेवायचा."

"आई, हितेशला सांगू नकोस."

"नाय सांगत. तू ये फक्त."

व्हिएन्ना येईपर्यंत मी पासपोर्ट हातातून सोडला नाही.